लक्षद्वीप : एका जागेचे राजकारण

अरबी समुद्रातील छत्तीस बेटांचा आणि जेमतेम ३२ चौरस किलोमीटर भूमीचा लक्षद्वीप हा केंद्रशासित प्रदेश १ नोव्हेंबर १९५६ रोजी अस्तित्वात आला. त्याला विधानसभा नाही आणि राज्यसभेतही जागा नाही. राष्ट्रपतींनी नेमलेला प्रशासक येथील कारभार पाहतो, आणि कायदे करणाऱ्या सभागृहात बेटवासीयांच्या वतीने बोलणारा लोकसभेचा खासदार हा एकच माणूस असतो. सुमारे ५७ हजार मतदारांचा, म्हणजे महाराष्ट्रातील एखाद्या नगरपालिकेएवढा, हा देशातील सर्वांत लहान लोकसभा मतदारसंघ असून तो अनुसूचित जमातींसाठी राखीव आहे, कारण मूळ बेटवासीयांना हा दर्जा मिळालेला आहे.

सुरुवातीला एवढाही अधिकार नव्हता. पहिली दहा वर्षे येथील खासदार निवडून येत नसे, तर राष्ट्रपती त्याची नेमणूक करीत, आणि के. नल्ला कोया थंगल यांनी हे पद भूषविले. १९६७ मध्ये प्रथमच प्रत्यक्ष मतदान झाले व आंद्रोत बेटावरील पी. एम. सईद हे तरुणपणीच अपक्ष म्हणून निवडून आले. काँग्रेसमध्ये गेल्यावर १९७१ मध्ये ते बिनविरोध निवडले गेले; १९८० मध्ये इंदिरा गांधींच्या पक्षाबाहेर, देवराज अर्स यांच्या काँग्रेस गटातून उभे राहिले, तरीही जागा त्यांचीच राहिली. सलग दहा वेळा निवडून आलेल्या सईद यांच्या या कारकिर्दीत पक्षाचे नाव बदलले तरी मतदार हलला नाही. जेथे घरोघरी नाते लागते, तेथे चिन्हापेक्षा माणूस आणि घराणे मोठे ठरते, हे या छोट्या समाजाचे वैशिष्ट्य समजून घेतल्याशिवाय तेथील निकालांचा अर्थ लागत नाही.

२००४ मध्ये मात्र लोकसभेचे उपाध्यक्ष असलेल्या सईद यांना संयुक्त जनता दलाचे डॉ. पी. पूकुन्हीकोया यांनी अवघ्या ७१ मतांनी हरवले. ७१ मते म्हणजे चारदोन विस्तारित कुटुंबे; तेवढ्यांनी मन बदलले आणि सदतीस वर्षांची परंपरा खंडित झाली. पुढच्या निवडणुकीत पूकुन्हीकोया राष्ट्रवादी काँग्रेसकडून उभे राहिले आणि महाराष्ट्रात जन्मलेल्या या पक्षाने बेटांवर पाय रोवले. त्या वेळी सईद यांचे तरुण पुत्र हमदुल्ला विजयी झाले. पण २०१४ व २०१९ मध्ये राष्ट्रवादीच्या मोहम्मद फैजल यांनी ही जागा घेतली, दुसऱ्या खेपेस ८२३ मतांच्या फरकाने. २००९ च्या निवडणुकीतील हाणामारीच्या खटल्यात शिक्षा झाल्याने २०२३ मध्ये त्यांची खासदारकी गेली, न्यायालयाच्या स्थगितीमुळे परत आली, आणि त्याच वर्षी हा क्रम पुन्हा घडला. राज्यांमध्ये खासदार अपात्र ठरला तरी मतदारांसाठी आमदार उरतो. येथे त्या काळात कायदेमंडळात कोणीच उरत नाही, म्हणून ही बाब केवळ तांत्रिक मानता येत नाही.

स्थानिक पातळीवर १९९४ च्या विनियमाने, म्हणजे संसदेऐवजी राष्ट्रपतींनी जारी केलेल्या कायद्याने, द्विस्तरीय पंचायती आल्या. २०२१ मध्ये शिक्षण, आरोग्य, शेती, पशुपालन व मत्स्यव्यवसाय हे विषय प्रशासनाने जिल्हा पंचायतीकडून काढून घेतले आणि दोनहून अधिक अपत्ये असणाऱ्यांना पंचायत निवडणूक लढवता येऊ नये, असा मसुदा पुढे आणला. तेव्हा उसळलेला विरोध पक्षभेदापलीकडचा होता आणि तो रास्तच होता.

२०२४ मध्ये राष्ट्रवादीतील फूट समुद्र ओलांडून गेली. फैजल शरद पवारांच्या गटाकडून ‘तुतारी वाजवणारा माणूस’ हे चिन्ह घेऊन उभे राहिले, तर ज्या घड्याळ चिन्हावर ते दोनदा जिंकले होते, ते अजित पवार गटाच्या उमेदवाराकडे गेले. हमदुल्ला सईद २,६४७ मतांनी निवडून आले. घड्याळाला सर्व बेटे मिळून २०१ मते पडली.