फाशाच्या पलीकडचे विकलन
पायटॉर्चसारखी सॉफ्टवेअर गणिताच्या प्रत्येक पायरीचे विकलन आपोआप करतात. त्याच्याच आधारे न्यूरल नेटवर्क शिकते. पण मध्येच यादृच्छिक संख्या निवडली, की विकलनाची ही साखळी तुटते. फासा टाकून आलेल्या आकड्याचे विकलन कसे करणार?

२०१३ मध्ये ॲमस्टरडॅम विद्यापीठातील दिडेरिक किंगमा आणि मॅक्स वेलिंग यांनी सुरेख मार्ग मांडला. यादृच्छिकता वेगळी काढायची: सरासरी ० आणि प्रमाण विचलन १ असलेल्या प्रसामान्य वितरणातून संख्या घ्यायची, तिला हव्या त्या विचलनाने गुणायचे आणि त्यात हवी ती सरासरी मिळवायची. मग सरासरी आणि विचलन या दोन्हींपर्यंत विकलन पोहोचते. पायटॉर्चमधले ‘आरसॅम्पल’ फंक्शन हेच करते. साधे ‘सॅम्पल’ साखळी तिथेच थांबवते.

‘हो की नाही’ अशा तुटक निवडींना मात्र ही युक्ती थेट लागू पडत नाही. तिथे रोनाल्ड विल्यम्स यांची १९९२ ची ‘रीइन्फोर्स’ पद्धत कामी येते, पण तिचे अंदाज बरेच हेलकावतात.