जुन्या सायकलला नव्या पद्धतीचे हँडल

आपल्या वस्त्यांतील कितीतरी घरांत कामावर आणि कॉलेजात जाण्यासाठी जुनी गिअरची सायकल घेतली जाते. तिचे हँडल खडखडू लागले की 'नव्या पद्धतीचे करून घ्या' असा सल्ला मिळतो. पैसा कष्टाचा असतो. काम चुकले तर जिवावर बेतते. म्हणून हा विषय आम्ही या पानावर घेत आहोत.

जुन्या पद्धतीत चिमट्याच्या दांड्याला वर आटे असतात. त्यावर वरची वाटी आणि नट बसतो. हँडलचा स्टेम दांड्याच्या आत जाऊन पाचरीने आवळला जातो. नव्या पद्धतीत दांड्याला आटे नसतात; स्टेम त्याला बाहेरून पकडतो.

त्यामुळे नुसता स्टेम बदलून भागत नाही. बिनआट्याचा चिमटा, नवा बॉल-रेसर सेट आणि नवा स्टेम अशा तिन्ही वस्तू लागतात. जुना दांडा बहुधा १ इंच, म्हणजे २५.४ मि.मी. जाडीचा असतो. बाजारात सहज मिळणारा नवा चिमटा २८.६ मि.मी.चा असतो. तो १ इंची फ्रेममध्ये बसत नाही. खरेदीआधी कॅलिपरने माप घ्यावे. चाकाचे माप व ब्रेकचा प्रकारही जुळवावा.

जोडताना सर्व भाग बसवून दांड्यावर खूण करावी आणि स्टेमच्या वरच्या कडेपेक्षा सुमारे ३ मि.मी. खाली दांडा कापावा. आधी टोपीचा बोल्ट हलके आवळून खडखड काढावी, मग स्टेमचे बाजूचे बोल्ट घट्ट करावेत. टोपीचा बोल्ट फक्त ढिलाई काढतो. हँडल धरून ठेवतात ते बाजूचे बोल्ट. शेवटी पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे-मागे हलवावी. खडखड नको, आणि चाक उचलल्यावर हँडल अडखळताही कामा नये.

आटे असलेल्या दांड्यावर नवा स्टेम कधीही आवळू नये. आट्यांमुळे नळी तिथे पातळ झालेली असते, ती मोडू शकते. फक्त नवा स्टेम हवा असेल, तर जुन्या दांड्यात बसणारा २२.२ मि.मी.चा अडॅप्टर मिळतो. त्यावरील खूण दांड्याच्या आत गेली पाहिजे. आणि नुसती खडखड असेल, तर छर्रे बदलून ग्रीस भरले तरी पुष्कळदा काम होते.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. तांत्रिक शिक्षणाला त्यांनी मोठे महत्त्व दिले. कोणी सांगितले म्हणून मानू नका, स्वतः पारखून घ्या, ही तथागतांची शिकवण. आपल्या मुला-मुलींनी पाना हाती घ्यावा, माप घ्यावे आणि मगच दुकानदाराला होकार द्यावा.