पडद्याखालची ओळ

जर्मन किंवा जपानीच्या परीक्षा पार केलेला विद्यार्थीही त्या भाषेतला चित्रपट लावला की गोंधळतो. शब्द ओळखीचेच असतात. पण माणसे ते एकमेकांत मिसळून, अर्धे गिळून बोलतात आणि कोणासाठी थांबत नाहीत. व्हिडिओवरून भाषा शिकवणारी ॲप्स याच अडचणीसाठी बनतात. वापरणाऱ्याला दिसतो एक व्हिडिओ, खाली सबटायटल आणि शब्दावर बोट ठेवताच उघडणारा अर्थ. बनवणाऱ्यांचे कष्ट मात्र त्या खालच्या ओळीत असतात, आणि ॲपचा कस तिथेच लागतो.

चित्रांतून भाषा शिकवण्याचा विचार मोबाइलच्या आधीचा. येल विद्यापीठातले पिएर काप्रेत्झ यांची ‘फ्रेंच इन ॲक्शन’ ही ५२ भागांची मालिका १९८७ मध्ये अमेरिकेत दूरचित्रवाणीवर आली. रॉबेर हा अमेरिकी विद्यार्थी आणि पॅरिसची मिरेय यांची ती गोष्ट. पहिला प्रास्ताविक भाग सोडला तर सारे फ्रेंचमधूनच. गोष्टीत आलेला वाक्प्रयोग पुढे फ्रेंच चित्रपटांच्या आणि जाहिरातींच्या तुकड्यांतून पुन्हा पुन्हा ऐकवला जाई. चेहरे निराळे, सूर निराळे, शब्द तेच; अर्थ प्रसंगातूनच उमगत जाई. पण टेपवर नेमके एक वाक्य पुन्हा ऐकायचे तर मागे-पुढे करत बसावे लागे. ॲपने ही गैरसोय दूर केली.

त्यासाठी प्रत्येक वाक्य कुठे सुरू होते आणि कुठे संपते, याची सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत नोंद ठेवता येते. सबटायटलच्या फाइलमध्ये अशा वेळा असतातच. पण सबटायटल्स प्रेक्षकाच्या वाचनासाठी लिहिलेली असतात. डोळ्यांना वेळ मिळावा म्हणून त्यांत शब्द गाळतात, वाक्ये आटोपशीर करतात. शिकणाऱ्याला तसे चालत नाही. कानावर पडले तेच अक्षरांत दिसायला हवे, म्हणून संवाद नव्याने उतरवून घ्यावे लागतात. ओपनएआयने २०२२ मध्ये खुले केलेले, ६,८०,००० तासांच्या ध्वनिमुद्रणावर तयार झालेले ‘व्हिस्पर’ हे काम पुष्कळ हलके करते. तरी कधी शांततेच्या जागी कोणी न बोललेले वाक्यही ते लिहून ठेवते. त्यामुळे ती भाषा मुरलेल्या माणसाने एकेक ओळ कान देऊन तपासणे चुकत नाही.

मग शब्दकोश. जर्मनमध्ये ‘इश रूफे दिश हॉयटे आबेंट आन’ म्हणजे ‘मी तुला आज संध्याकाळी फोन करतो’. यातल्या ‘रूफे’वर बोट ठेवले तर नुसते ‘रूफेन’, म्हणजे हाक मारणे, दाखवून भागत नाही. वाक्याच्या टोकाला गेलेला ‘आन’ जोडून ‘आनरूफेन’ हे क्रियापद सापडायला हवे. जपानी लिहिताना शब्दांत जागाच सोडत नाहीत. तिथे आधी ‘मेकॅब’सारखा प्रोग्रॅम ओळीतले शब्द सुटे करतो, मग अर्थ शोधला जातो. हा अर्थ बहुधा ‘जेएमडिक्ट’ या शब्दकोशातून येतो. ऑस्ट्रेलियातले जिम ब्रीन यांनी १९९१ मध्ये सुरू केलेल्या कोशातून तो वाढला आणि आजही कोणालाही वापरता येतो.

एक अडचण खुद्द व्हिडिओची. जागा वाचावी म्हणून व्हिडिओत प्रत्येक चित्र पूर्ण साठवत नाहीत. अधूनमधून एक पूर्ण चित्र असते, मधल्यांत फक्त बदल नोंदलेले असतात. वाक्याच्या आरंभी उडी मारताना प्लेअरला मागच्या पूर्ण चित्रापासून हिशेब करत यावे लागते. ही चित्रे विरळ असली तर ‘पुन्हा ऐका’ दाबल्यावर क्षणभर अडखळायला होते. दहा वेळा अडखळलेला माणूस अकराव्यांदा दाबत नाही. म्हणून ध्यास घेतलेले लोक पूर्ण चित्रे दाट ठेवून व्हिडिओ नव्याने तयार करतात.

ऐकलेले टिकले पाहिजे. हर्मान एबिंगहाउस यांनी विसरण्याचा वेग मोजून १८८५ मध्ये प्रसिद्ध केला. वाढत्या अंतराने उजळणी घेण्याची आजची पद्धत त्याच वाटेने आली. व्हिडिओ ॲपमध्ये उजळणीला कोरडा शब्द येत नाही. तो उच्चारणारा चेहरा, तो आवाज आणि तो प्रसंग, दोन-तीन सेकंदांचा तुकडा सगळे घेऊन येतो.

ओळ कोणत्या भाषेत दाखवायची, याचे उत्तर एका भारतीयाने फार आधी दिले. ब्रिज कोठारी १९९६ मध्ये कॉर्नेल विद्यापीठात होते आणि स्पॅनिश शिकत होते. मित्रांबरोबर स्पॅनिश चित्रपट पाहताना त्यांना वाटले, खाली इंग्रजीऐवजी स्पॅनिशच असते तर किती बरे! त्यातूनच हिंदी गाण्यांखाली हिंदी शब्द देऊन साक्षरता वाढवण्याचा त्यांचा प्रयोग उभा राहिला. चांगले ॲप हेच पाळते: आधी बोललेल्या भाषेतली ओळ, आणि अर्थ मागितल्यावरच.

तो अर्थ मात्र आपल्या विद्यार्थ्याला बहुतेकदा इंग्रजीतूनच मिळतो. जेएमडिक्टमध्ये जर्मन, फ्रेंच, रशियन अर्थ आहेत, मराठी नाहीत. मराठी शाळेतून आलेल्या मुलीला मग एका परक्या भाषेसाठी दुसरीचा उंबरठा ओलांडावा लागतो. जपानीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येते, नामामागून प्रत्ययासारखे शब्द लागतात. ही ठेवण इंग्रजीपेक्षा मराठीला किती जवळची! पुण्यात जपानी शिकवणाऱ्यांची परंपरा आहे, कोश खुला आहे, शब्द सुटे करणारा प्रोग्रॅमही फुकट आहे. रोजच्या बोलण्यातल्या तीन हजार शब्दांचे मराठी अर्थ जाणत्या शिक्षकांनी मिळून लिहिले, तर असे ॲप मराठीतून चालू शकेल. हे काम सरकारी योजनेची वाट पाहत थांबण्याइतके मोठे नाही, आणि यंत्रावर सोडून देण्याइतके किरकोळही नाही.