बाडेनवाइलरच्या रानवाटा

घरांतील एखादें माणूस दीर्घ दुखण्यांतून उठलें, म्हणजे ‘आतां थोडा हवापालट करा’ असा सल्ला डॉक्टर देतात. आणि मग माथेरानला जावें कीं महाबळेश्वरास, कीं वज्रेश्वरीच्या कुंडांवर, असा खल वडील मंडळींत सुरू होतो. युरोपांतील लोकांनीं या हवापालटाचें जणूं एक शास्त्रच बनविलें. औषधी पाण्याचा झरा, सभोंवार दाट अरण्य आणि त्या अरण्यांतून आंखलेल्या पायवाटा या तिहींचा मेळ जेथें जमला, तेथें त्यांनीं आरोग्यस्थानें वसविलीं. नैर्ऋत्य जर्मनींतील बाडेनवाइलर हें असेंच एक चिमुकलें गांव. भारतीय वाचकांस त्याचें नांव अगदींच परकें वाटूं नये. त्याचें कारण पुढें येईलच.

हें गांव श्वार्ट्‌सवाल्ड, म्हणजे ‘काळें अरण्य’, या डोंगरराजीच्या कडेला सुमारें चौदाशें फुटांवर आहे. पायथ्याशीं द्राक्षांचे मळे आणि त्यांपलीकडे र्‍हाइन नदीचें सपाट खोरें. पाठीशीं होखब्लाउएनचा डोंगर. उतारावर खालीं बीच वृक्षांची पालवी, वर फर आणि स्प्रूस यांची गर्द छाया. या सूचिपर्णी झाडांच्या काळोखीवरूनच अरण्यास हें नांव पडलें. डोंगर जेथें मैदानास भेटतो तेथें भूकवचाला मोठी चीर पडलेली आहे. पावसाचें पाणी खोल मुरतें, तेथें तापतें आणि या चिरेच्या आश्रयानें कोमट होऊन वर येतें. रोमन लोकांना हें पाणी ठाऊक होतें. इसवी सनाच्या पहिल्या शतकांत त्यांनीं येथें स्नानगृह बांधण्यास आरंभ केला. कालांतरानें तें मातीखालीं गडप झालें, तें 1784 सालीं पुन्हां उजेडांत आलें. आज त्या अवशेषांवर कांचेचें विस्तीर्ण छत आहे आणि उष्ण व शीत स्नानाचे हौद पाहून मन थक्क होतें.

आतां वाटांकडे वळूं. या गांवाची खरी थोरवी अशी कीं, येथें प्रत्येकाच्या ताकदीला साजेल अशी वाट आहे. अगदीं अशक्त माणसानें उपवनांतून निघून जवळच्याच टेकडीवरील पडक्या किल्ल्यापर्यंत जावें. फ्रेंच सैन्यानें 1678 सालीं हा किल्ला उद्ध्वस्त केला. चढ थोडका, पण माथ्यावरून मावळत्या सूर्याच्या प्रकाशांत र्‍हाइनचें खोरें दिसतें, तेव्हां श्रमांचें चीज होतें.

ज्याच्या पायांत थोडें अधिक बळ आहे त्यानें गांवाच्या वरच्या अंगास रानांत शिरावें. सोफीनरूह नांवाच्या ठिकाणीं झाडी एकाएकी विरळ होते आणि सगळें गांव पायाशीं दिसूं लागतें. जवळच ‘आल्टर मान’, म्हणजे ‘म्हातारा’, या नांवाचा खडकांचा सुळका आहे. हा म्हातारा कोणी साधुपुरुष नव्हे, किंवा भूतहि नव्हे. जर्मन खाणकामगार जुन्या, सोडून दिलेल्या खाणीस याच नांवानें ओळखीत. एके काळीं या डोंगरांतून शिसें काढीत असत, त्याची ही आठवण.

तिसरी वाट दक्षिणेकडे डोंगराच्या कुशींतून ब्यूर्गेल्नच्या वाड्याकडे जाते. सांक्ट ब्लाझीन येथील मठाच्या अधिकाऱ्यासाठीं 1764 च्या सुमारास बांधलेला हा टुमदार वाडा अद्याप उत्तम स्थितींत आहे. जाण्यास अडीच-तीन तास लागतात; फार चढ नाहीं, पण तेवढेंच परत यावयाचें आहे हें विसरूं नये.

चौथी वाट होखब्लाउएनच्या माथ्याची. उंची 1165 मीटर, म्हणजे 3800 फुटांहून थोडी अधिक. गांवापासून सुमारें 2400 फूट चढावें लागतें. पायथ्यापासून सिंहगड चढून जाणाऱ्या पुणेकरांस या चढाचें भय वाटण्याचें कारण नाहीं. मात्र तीन तास हाताशीं ठेवावे. माथ्यावर 1895 सालीं उभारलेला लोखंडी मनोरा आहे. निरभ्र दिवशीं त्यावरून पश्चिमेस फ्रान्समधील व्होज पर्वत आणि दक्षिणेस आल्प्सचीं हिमशिखरें दिसतात. येथूनच ‘वेस्टवेग’ हा सुप्रसिद्ध मार्ग जातो. फोर्ट्‌सहाइमपासून स्वित्झर्लंडमधील बाझलपर्यंत सुमारें 285 किलोमीटर, म्हणजे पावणेदोनशें मैलांहून थोडी अधिक, अशी ही वाट 1900 सालीं आंखली गेली. तिनें उत्तरेकडे चालत राहिल्यास 1414 मीटर उंचीचा बेल्खेन लागतो. पण तें काम पट्टीच्या चालणाऱ्याचें.

एवढ्या रानांत परका माणूस चुकत कसा नाहीं? झाडांवर आणि खांबांवर शंकरपाळ्याच्या आकाराच्या खुणा केलेल्या असतात. वेस्टवेगची खूण तांबडी, प्रदेशांतील मोठ्या वाटांची निळी, गांवालगतच्या वाटांची पिवळी. फाट्याफाट्यावर पाटी असते. ही व्यवस्था 1864 सालीं फ्रायबुर्ग येथें स्थापन झालेल्या श्वार्ट्‌सवाल्ड संघाची. तिची देखभाल संघाचे सभासद मोठ्या अंशीं स्वयंसेवेनें करितात. 26 डिसेंबर 1999 रोजीं ‘लोथार’ वादळानें या अरण्याची अपरिमित हानि केली. अशा आपत्तीनंतर रस्ते मोकळे करणें हें नुसत्या हौसेचें काम नव्हे. आपल्याकडेहि गडकोटांना जाणारीं माणसें पुष्कळ. वाट राखणारीं थोडीं. हा धडा मनांत ठेवण्यासारखा आहे.

चालणें हें औषध आहे हा विचारहि त्याच काळचा. म्यूनिकचे डॉक्टर एर्टेल यांनीं एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत हृदयविकाराच्या रोग्यांसाठीं चढाच्या पायऱ्या ठरविल्या: आज सपाटीवर, कांहीं दिवसांनीं सौम्य चढावर, मग अधिक उंच. औषधाचा डोस वाढवावा तसा रस्ता वाढवावयाचा!

परंतु या गांवाचें नांव काढतांना एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. येथें आलेले सगळेच बरे झाले नाहींत. अमेरिकन कादंबरीकार स्टीफन क्रेन 1900 सालीं, वयाच्या अवघ्या अठ्ठाविसाव्या वर्षीं, येथेंच वारला. थोर रशियन लेखक चेखॉव्ह यानेंहि 1904 च्या जुलैंत येथेंच देह ठेवला. दोघांनाहि क्षयानें ग्रासलें होतें. त्या रोगावरचें पहिलें खरें प्रभावी औषध, स्ट्रेप्टोमायसिन, 1943 सालीं हातीं आलें. तोंपर्यंत शुद्ध हवा, विश्रांति आणि आशा एवढाच काय तो उपचार.

कमला नेहरू याच व्याधीनें पीडित होऊन 1935 सालीं बाडेनवाइलरच्या आरोग्यधामांत होत्या. त्यांची प्रकृति ढासळल्यामुळें 4 सप्टेंबर 1935 रोजीं जवाहरलालजींची अल्मोड्याच्या तुरुंगांतून सुटका झाली. विमानानें आणि आगगाडीनें धांवपळ करीत ते 9 तारखेच्या संध्याकाळीं येथें पोंचले. गांवांतील एका साध्या बिऱ्हाडांत ते राहत आणि सकाळीं व दुपारीं चालत आरोग्यधामाकडे जात. त्यांच्या आत्मचरित्राच्या ताजा कलमाखालीं बाडेनवाइलर हेंच नांव आणि 25 ऑक्टोबर 1935 ही तारीख आहे. पुढें कमलाबाईंना स्वित्झर्लंडमधील लोझान येथें हलविण्यांत आलें आणि 28 फेब्रुवारी 1936 रोजीं त्यांनीं तेथें इहलोकीची यात्रा संपविली.

बिऱ्हाडापासून रुग्णशय्येपर्यंतची ती वाट कोणत्याहि प्रवासी नकाशावर खुणेनें दाखविलेली नाहीं. पण आपल्यापैकीं किती जणांनीं ती कोठें ना कोठें तुडविली असेल! एकत्र कुटुंबांत दुखणेंकऱ्याची काळजी सारेच घेतात. परंतु उशाशीं बसून रात्री काढणाऱ्या सुनेची, वहिनीची किंवा वृद्ध आईची विचारपूस सहसा कोणी करीत नाहीं. तिलाहि दिवसांतून एक तास मोकळ्या हवेंत चालावयास मिळालें पाहिजे. तेवढा वेळ घरांतल्या दुसऱ्या कोणी रोग्याजवळ बसावें, पुरुषांनींहि बसावें. त्यासाठीं जर्मनींत जाण्याची जरुरी नाहीं. गांवाबाहेरची टेकडी पुरेशी आहे.

ज्यांना खरोखरच तिकडे जाण्याचा योग येईल त्यांनीं म्यूलहाइम स्टेशनावर उतरावें. तेथून बस मिळते. मे ते ऑक्टोबर हा काळ उत्तम. हिवाळ्यांत माथ्यावर बर्फ असतें. पायांत घट्ट बूट, पाठीवर पाणी आणि शिदोरी असावी, आणि उतरतांना घाई करूं नये, कारण गुडघ्यांची परीक्षा चढावर नव्हे, उतारावरच होते. वाट निवडतांना सोबत्यांपैकीं सर्वांत अशक्त माणसाकडे पाहून निवडावी. त्याच्या पावलानें चाललें म्हणजे कोणीहि मागें राहत नाहीं.