दिवा डाव्या चाकाचा, दुखणं उजव्याचं

बोरघाट उतरून खोपोलीत शिरलो आणि डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला. मधे गोल, दोन्ही बाजूंना तुटक कंस. ब्रेक पॅड झिजल्याची खूण. छातीत धस्स झालं.

खंडाळा ते खोपोली हा उतार सुमारे पाचशे मीटरचा. बाराशे किलोची गाडी एवढी खाली येताना जी ऊर्जा मोकळी होते, तिच्यावर वीसेक लिटर पाण्याला उकळी फुटेल. ती सगळी ब्रेकच्या माथी मारायची, की खालच्या गिअरमध्ये राहून थोडी इंजिनावर टाकायची, हे आपल्या हातात. खरं तर पायात.

गॅरेजवाल्याने पुढचं डावं चाक काढलं. पॅड सात मिलिमीटर. नवं दहा-बारा असतं, म्हणजे निम्म्याहून जास्त शिल्लक. मग दिवा का?

कारण हा सेन्सर झीज मोजतच नाही. पॅडमध्ये ठरावीक खोलीवर बारीक तारेचा वेढा असतो, त्यातून क्षीण प्रवाह वाहतो. पॅड तिथवर झिजलं की फिरती डिस्क तार कापते, प्रवाह तुटतो, दिवा लागतो. (काही गाड्यांत उलट: उघडी तार डिस्कला टेकली की सर्किट पूर्ण होतं.) कापलेली तार पुन्हा जुळत नाही, म्हणून नवे पॅड टाकूनही दिवा राहिला, तर सेन्सर जुनाच ठेवलाय असं समजावं.

पण तार डिस्कने तोडली की वाट चिखलाने अडवली, हे दिव्याला कळत नाही. सेन्सरच्या वायरचा कपलर उघडला तर आत लाल चिखल, पिनेवर हिरवा गंज. घासून, सुकवून जोडला. दिवा विझला.

शंका आली की धोकाच धरायचा, ही रीत घाटातल्या रेल्वेचीही. 1863 साली सुरू झालेल्या या मार्गावर सदतिसास एक असा उतार आहे. तिथल्या कॅच सायडिंगचा, म्हणजे बेकाबू गाडी अडवायच्या आडमार्गाचा, सांधा आधी आडमार्गाकडेच असतो. गाडी थांबून दाखवते, तेव्हा तो मुख्य मार्गाकडे वळतो.

मी किल्ली फिरवणार, तोच गॅरेजवाला म्हणाला, ‘‘थांबा साहेब, उजवं बघू.’’ आतलं पॅड जेमतेम दोन मिलिमीटर. पॅड दाबणाऱ्या कॅलिपरची पिन गंजून अडकलेली, त्यामुळे पॅड डिस्कला सतत घासत होतं. त्या चाकाला सेन्सरच नव्हता.