अंधार हवा, मग दिवा

मृगाच्या पहिल्या सरींनंतर वसईतल्या घरांत संध्याकाळी ठरलेली धांदल उडते. पंख फुटलेली वाळवी ट्यूबलाइटभोवती घोंगावू लागली की बाकीचे दिवे मालवायचे, एकच बल्ब ठेवायचा आणि त्याखाली पाण्याने भरलेली परात. सकाळी परातीत पंखांचा थर. शेतातला प्रकाश सापळा म्हणजे हीच परात. दिव्याखाली नरसाळे आणि पाण्यात थोडा साबण, एवढीच भर.

किडे दिव्याकडे ओढले जातात, ही आपली समजूत मात्र चुकीची निघाली. लंडनचे इम्पीरियल कॉलेज आणि फ्लोरिडा आंतरराष्ट्रीय विद्यापीठ यांच्या संशोधकांनी अतिवेगवान कॅमेऱ्यांनी पतंग-चतुरांचे उड्डाण टिपले. 2024 साली त्यांचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला: किडा दिव्याकडे तोंड नव्हे, पाठ करतो. रात्रीही आकाश जमिनीपेक्षा किंचित उजळ असते. पाठ उजेडाकडे ठेवली की वर कुठे, खाली कुठे हे कळते, अशी ही लक्षावधी वर्षांची सवय. शेजारी बल्ब लागला की तोच त्याला आकाश वाटतो, आणि बिचारा घिरट्या घालत राहतो, कधी उलटा होऊन कोसळतो. गंमत म्हणजे कण्हेरीवर वाढणारा पतंग या चकव्याला बळी पडला नाही. का, ते त्यालाच ठाऊक!

वसई पूर्वेला पारोळ, भाताणे, मेढे या पट्ट्यात भात आहे आणि भाताचा जुना वैरी पिवळा खोडकिडा. त्याच्या मादी पतंगाच्या पिवळ्या पंखांवर एकेक काळा ठिपका असतो. ती पानाच्या शेंड्याजवळ अंड्यांचा पुंजका घालते. आठवडाभरात अळ्या बाहेर पडतात, खोडात शिरतात. रोप कोवळे असेल तर गाभा सुकतो, पोटरीनंतर शिरल्या तर लोंबी पांढरी, पोकळ निघते. अळी एकदा आत गेली की फवारणीचा उपयोग फारसा नाही. म्हणून सापळ्याचे मोल किती पतंग बुडाले यात मी मोजत नाही. त्यातल्या कित्येक माद्या अंडी घालून आलेल्या असतात. मोल आहे ते तारखेचे. काल चार, आज चाळीस पतंग दिसले की हाती उरले ते थोडेच दिवस. ट्रायकोकार्डे लावायची ती याच वेळी. कार्डावरच्या अंड्यांतून निघणारी इवलीशी गांधीलमाशी खोडकिड्याच्या अंड्यांतच आपली अंडी घालते.

दिवा सर्व किडींवर चालत नाही. आंब्यावरची, काकडीवरची फळमाशी दिवसा हिंडणारी. तिला वास लागतो. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा ‘रक्षक’ सापळा त्याच तत्त्वावर चालतो. शिवाय दिवा रात्रभर पेटता ठेवला तर ढालकिडे आणि इतर मित्रकीटकही बुडतात. संध्याकाळी सात ते दहा पुरे, असे सांगतात ते त्यासाठी.

पश्चिमेच्या वाड्यांत, गास-निर्मळ-भुईगावच्या बाजूला, अडचण निराळी आहे. केळीच्या बागेपलीकडे इमारत उभी राहिली, रस्त्यावर पांढरे एलईडी लागले. पौर्णिमेला सापळ्यातली संख्या घटते, हे जुने निरीक्षण आहे. चांदण्यात दिवा फिका पडतो. रस्त्याचा दिवा म्हणजे कृष्णपक्षातही न मावळणारा चंद्र. एक उपाय आहे: किड्यांच्या डोळ्यांना अतिनील किरण दिसतात, आपल्याला नाही. रस्त्यावरच्या एलईडीत ते जवळपास नसतात. त्यामुळे अतिनील दिवा आपल्याला मिणमिणता भासला तरी किड्याला तो ठळक दिसतो. तरीही जागा निवडताना आधी अंधार शोधावा; बावखलाकडचा (वाडीतल्या तळ्याकडचा), झाडोऱ्याआडचा कोपरा बरा.

आणि सापळ्याच्या नोंदवहीत पतंगांच्या आकड्याशेजारी दोन रकाने जास्त आखावेत: तिथी कोणती होती, आणि रस्त्यावरचा दिवा चालू होता की बंद. परात रिकामी दिसली तर कीड ओसरली की नुसता उजेड वाढला, हे त्याशिवाय कळायचे नाही.