मोटारीची हमी आणि कापलेली तार

नवी मोटार घेणारा मध्यमवर्गीय गृहस्थ किल्लीबरोबर एक जाड पुस्तिकाही घरी आणतो. तीत हमीच्या अटी बारीक अक्षरांत छापलेल्या असतात आणि त्या वाचण्याचा योग बहुधा पहिला बिघाड झाल्यावरच येतो. दरम्यान गाडीला प्रखर दिवे, मोठा हॉर्न, मागचे दाखविणारा कॅमेरा, क्वचित सीएनजी किट असे काहीबाही बसलेले असते. मग अधिकृत सर्व्हिस सेंटरमधील सल्लागार बॉनेट उघडतो, चिकटपट्टी गुंडाळलेल्या एका तारेकडे बोट दाखवितो आणि म्हणतो, "साहेब, बाहेरचं काम झालंय, आता वॉरंटी मिळणार नाही."

या एका वाक्यात दोन निराळ्या गोष्टींची सरमिसळ आहे. बाहेरच्या कामामुळेच बिघाड झाला असेल, तर त्याचा खर्च कंपनीने सोसावा असे कोणी म्हणणार नाही. साठ वॅटचा मूळचा दिवा काढून शंभर वॅटचा बसविला, की बारा व्होल्टच्या सर्किटमध्ये पाच अँपिअरऐवजी आठांहून अधिक अँपिअरचा प्रवाह त्याच बारीक तारेतून वाहू लागतो. तार तापते, जोड वितळतो, प्रसंगी धूरही निघतो. केवळ पेट्रोलसाठी घडविलेल्या इंजिनात गॅस जाळला, तर व्हॉल्व्ह सीट लवकर झिजू शकते. अशा वेळी हमी नाकारली जाणे न्याय्यच होय. परंतु हॉर्न बदलला म्हणून गिअरबॉक्सची जबाबदारी टळली, हे कोणत्या तर्कात बसते? तार कापली हे दाखविणे सोपे. त्या तारेमुळेच बिघाड झाला हे दाखविणे कष्टाचे. विक्रेता सोपे तेवढे दाखवून थांबतो आणि उरलेला भार ग्राहकावर टाकतो. वादाचे मूळ येथे आहे.

भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये चौदा मोटार कंपन्यांविरुद्ध दिलेल्या आदेशात हाच भेद केला होता. स्वतंत्र कारागिराकडे दुरुस्ती केली एवढ्यावरून सरसकट हमी रद्द करू नये. सदोष कामामुळे जेवढे नुकसान झाले असेल, तेवढ्यापुरतीच ती नाकारावी, असे आयोगाने बजावले. आदेश दुरुस्तीसंबंधी होता, जोडसामानासंबंधी नव्हे, आणि प्रकरण पुढे अपिलातही गेले. तथापि त्यातील तत्त्व जोडसामानाला का लागू पडू नये, याचे समाधानकारक उत्तर कंपन्यांकडून मिळत नाही. अमेरिकेत तर १९७५ च्या मॅग्नसन-मॉस कायद्याने, विशिष्ट छापाचाच सुटा भाग वापरण्याची अट हमीला जोडण्यास सामान्यतः मनाई केली आहे.

याहून चमत्कारिक प्रकार म्हणजे, पुष्कळदा हे जोडसामान शोरूममध्येच विकले जाते. "हे लावलं तरी वॉरंटीला काही होत नाही" असे आश्वासन तोंडी मिळते. पावतीवर मात्र त्याचा मागमूस नसतो.

मोटारमालकही सर्वस्वी निर्दोष असतात असे नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार नोंदणीपत्रातील तपशिलाशी विसंगत होईल असा बदल वाहनात करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये त्याचा कठोर अर्थ लावला आहे. गॅस किट मान्यताप्राप्त हवे आणि त्याची नोंदही हवी. हौसेने सायलेन्सर बदलून गल्ली दणाणून सोडणाऱ्याने हमीच्या नावाने गळा काढावा, हे शोभत नाही.

ज्याचा दावा खरा आहे, त्याला ग्राहक आयोगाचा मार्ग मोकळा आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार, तपासणीवाचून दोष ठरविता येत नसेल, तर जिल्हा आयोग वस्तू योग्य प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. अहवालासाठी पंचेचाळीस दिवसांची मुदत आहे, मात्र शुल्क तक्रारदाराकडून आगाऊ भरून घेता येते. तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. तेथे उपयोगी पडतात ती जोडसामानाची पावती, नकाराचे कारण लिहिलेले जॉबकार्ड आणि काढलेला नादुरुस्त भाग. हा भाग ग्राहकाने त्याच दिवशी मागून घेतला नाही, तर तो बहुधा सर्व्हिस सेंटरच्या भंगारात जातो.